व्हिएन्नाच्या बागा आणि गुळवण्यांचं जाकीट

शुभदाने व्हिएन्नाला जायचं म्हटलं, तेव्हा दत्तप्रसाद गुळवणीला फारसं नवल वाटलं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बायका कुठंतरी जायचं म्हणतात, हे तो ऐकून होता. त्याला संशय आला तो पुढच्या वाक्याने.

"राजवाडे नकोत, म्युझियम नकोत, आठवड्यात सात देश तर मुळीच नकोत," शुभदा म्हणाली. "फक्त बागा. एका बागेत जायचं आणि बसायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बागेत जायचं आणि बसायचं."

"बसायला व्हिएन्ना?" दत्तप्रसादने चहाचा कप खाली ठेवला. "इथे ऑस्ट्रेलियात, आपल्या टूनगॅबीत बसायला जागा नाही?"

"इथे बसले की वॉशिंग मशीन वाजतं."

हे उत्तर बिनतोड होतं, आणि बिनतोड उत्तरांवर दत्तप्रसादचा कधीच विश्वास नव्हता. तो एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर होता. जे सुरळीत चाललेलं दिसतंय ते आतून बिघडलेलं असणार, असं धरून चालण्याबद्दल त्याला दरमहा पगार मिळत असे. आता इतक्या वर्षांनंतर हा त्याचा धंदा होता की स्वभाव, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दुकानदार हसला की तो एक्स्पायरी डेट बघायचा. डॉक्टर "ऑल गुड" म्हणाले की तो दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा. शुभदा हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, आपला रिपोर्ट नॉर्मल आला की तो तिला विचारायचा, "मशीन चालू होतं ना नक्की?"

त्या संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि व्हिएन्नातल्या बागांची चौकशी सुरू केली. जसजसा तो वाचत गेला, तसतशा त्याच्या भुवया वर जात राहिल्या.

"शुभा, हे फोल्क्सगार्टन म्हणून आहे ना, गुलाबांचं? तिथे आत जायला तिकीट नाही."

"माहितीय."

"शोनब्रुनचा पार्क, राजवाड्याचा. तोही फुकट."

"मग चांगलंच आहे की!"

"राजाची बाग फुकट? जिथे हॉटेलात पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते, तिथे बादशहाची बाग अशीच सोडून दिलीय? यात काहीतरी गोम आहे." तो पुढे वाचत गेला. "आणि हे बघ. गुलाबाच्या झाडांना माणसांच्या नावाच्या पाट्या लावलेल्या असतात. थंडीत त्याच झाडांना गोणपाटं घालून बांधून ठेवतात. म्हणजे सहा महिने आत काय आहे, कुणालाच दिसत नाही!"

"आत गुलाब असतात, दत्ता."

"असं ते म्हणतात."

आउगार्टन नावाच्या बागेत महायुद्धातले तोफांचे भलेमोठे काँक्रीटचे मनोरे अजून उभे आहेत, हे कळल्यावर मात्र त्याला बरंच हलकं वाटलं. निदान कुणीतरी एकेकाळी बागेत बसताना आभाळाकडे संशयाने पाहिलं होतं.

खरा घोळ झाला तो व्हिसाचा, आणि तो घोळ असा की व्हिसा लागतच नव्हता. ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असला की एवढ्या दिवसांसाठी नुसतं जायचं. हे वाक्य त्याने चार वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं, आणि चारही ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली आहे म्हटल्यावर त्याचा संशय पक्का झाला. ज्या माणसाने तरुणपणी पहाटेपासून वकिलातींपुढे रांगा लावल्या, बँकेच्या स्टेटमेंटवर शिक्के मारून घेतले, फोटोत कान दिसत नाहीत म्हणून परत येऊन पुन्हा कान दाखवले, त्याला आता कुणीतरी सांगत होतं की या, असेच या. हा पाहुणचार आहे की सापळा?

त्याने वकिलातीत फोन केला.

"मला व्हिसा हवाय," तो इंग्रजीत म्हणाला.

"तुम्हाला व्हिसा लागत नाही सर," पलीकडून एक गोड बाई म्हणाली.

"तरीही द्याल का?"

"न लागणारा व्हिसा आम्ही देत नाही."

"मग तो लागत नाही असं लिहून द्याल का?"

बाईने त्याला शांतपणे वेबसाइट बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आवाज बदलून पुन्हा फोन केला. बाई तीच होती. "मिस्टर गुळवणी," ती म्हणाली, "तुम्ही खरंच नुसते जाऊ शकता." तिला आपलं नाव कसं कळलं, या विचाराने त्याला दिवसभर काम सुचलं नाही. आदल्या दिवशी आपणच ते दोनदा स्पेलिंगसकट सांगितलं होतं, हे त्याला रात्रीच्या जेवणाच्या वेळी आठवलं.

यानंतर सल्ल्यांचा भाग आला. परदेशात राहणाऱ्या माणसाने प्रवासाला निघायचं म्हटलं, की तिकिटाच्या आधी सल्ले हातात पडतात.

शेजारी ट्रेव्हर म्हणून एक निवृत्त इलेक्ट्रिशियन होता. तो कुंपणावरून म्हणाला, "माझा एक मित्र गेला होता व्हिएन्नाला."

"मग?" दत्तप्रसादने उत्सुकतेने विचारलं.

"लव्ह्ड इट."

"आणि काय झालं?"

ट्रेव्हरने विचार केला. "केम बॅक, मेट."

एवढ्याशा माहितीवर दत्तप्रसादसारख्या माणसाचं भागणं शक्य नव्हतं. तो जवळच्याच वेंटवर्थव्हिलला चारुदत्तकडे गेला. चारुदत्त त्याचा कॉलेजातला मित्र, सिव्हिल इंजिनियर. त्याची बायको मेधा ही शुभदाची जिवलग मैत्रीण. चारुदत्त युरोपात दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा लुटला गेला नव्हता. त्यामुळे चोरांबद्दल त्याच्याकडे अनुभव कमी आणि माहिती फार होती.

"बाग म्हणजे त्यांचं हेडक्वार्टर," डोशाचा तुकडा चटणीत बुडवत तो म्हणाला. "तू बेंचवर बसलास. निवांत झालास. संपलास. एक माणूस येतो, अगदी सज्जन. म्हणतो, साहेब, खांद्यावर काहीतरी पडलंय. बघतोस तर सॉस! तो रुमाल काढून पुसायला लागतो. आणि मागून दुसरा येऊन पाकीट घेऊन जातो."

"सॉस कोण टाकतं?"

"तोच टाकतो रे! माझ्या मावसभावाच्या बॉसला टाकला होता."

"पोलीस काय करतात?"

"पोलीस?" चारुदत्त हसला. त्या हसण्यात इतकं काही होतं की दत्तप्रसादने पुढे विचारलंच नाही.

त्याच रविवारी त्याने शुभदाचं शिलाई मशीन बाहेर काढलं. मासेमारीचं एक जुनं खाकी जाकीट होतं, कुणीतरी भेट दिलेलं. त्याने आयुष्यात एकही मासा पकडला नव्हता. त्या जाकिटाला त्याने आतून कप्पे लावायला घेतले. पासपोर्टसाठी एक, लायसन्ससाठी एक, औषधांना एक, आणि वरच्या सगळ्यांचे झेरॉक्स ठेवायला एक. फोन साखळीने काजाला बांधला. गळ्यात शिट्टी अडकवली. कप्प्यांना चेन लावली तर चोरही ती उघडू शकेल, हे मधेच लक्षात आल्यावर त्याने पासपोर्ट आणि लायसन्सचे कप्पे सरळ शिवून टाकले.

"बाबा, दॅट्स लिटरली इन्सेन," मुलगी शाल्मली म्हणाली. ती युनीला सायकॉलॉजी शिकत होती आणि घरात संशोधनाला विषयांचा तोटा नव्हता. "यू लुक लाइक अ कूरिअर बॅग."

शुभदा एवढंच म्हणाली, "दत्ता, आपल्यासारख्या माणसांनी असलं फुगलेलं जाकीट घालून पार्कात बसू नये. लोक काय समजतील?"

"लोकांनी काय समजायचंय? लोकांवर लक्ष आपण ठेवायचंय."

शुभदा काही बोलली नाही. ती गप्प बसते म्हणजे तिला पटलेलं असतं, असा त्याचा इतक्या वर्षांचा समज होता. एवढी एक गोष्ट मात्र त्याने कधी तपासून पाहिली नव्हती.

कुठलंही सॉफ्टवेअर टेस्ट केल्याशिवाय सोडायचं नाही, तसंच कुठलंही जाकीट. म्हणून रंगीत तालीम ठरली. जागा पॅरामॅटा पार्क, वेळ शनिवारची आर्व्हो, म्हणजे दुपार. दत्तप्रसाद बेंचवर व्हिएन्नात बसल्यासारखा बसणार आणि चारुदत्त चोर होणार. कधी येणार, कुठल्या वेशात येणार, एकटा येणार की कुणाला घेऊन येणार, हे चारुदत्तने सांगायचं नाही. "नाहीतर टेस्टला अर्थ काय?" असं दोघांचं एकमत झालं. दोघांच्या बायकांचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्या एका डेरेदार झाडाखाली सतरंजी टाकून, ढोकळ्याचा डबा उघडून, या तालमीशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने बसल्या.

एप्रिल म्हणजे इथे शरद, ऊन छान सौम्य होतं. मुलं सायकली चालवत होती, कुणाच्या तरी बार्बेक्यूचा धूर येत होता, पलीकडे दोन दांडगे पोरगे फूटी, म्हणजे इथला रग्बीसारखा फुटबॉल, खेळत होते. दत्तप्रसादला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसत होते संशयित. प्रॅम ढकलणारी बाई दोनदा समोरून का गेली? प्रॅममधलं मूल हलत का नाही? टोपीवाला म्हातारा पेपर वाचतोय, पण पान का उलटत नाही? जाकिटाच्या आत तो घामाने निथळत होता, पण नजर ढळली नाही.

तेवढ्यात वरच्या फांदीवर काकाकुव्यांचा थवा येऊन बसला आणि कर्कश ओरडायला लागला. दत्तप्रसादच्या खांद्यावर काहीतरी गार पडलं.

"एक्स्क्यूज मी, मेट," बाजूने आवाज आला. साठीचा एक गोरा माणूस, जॉगिंगच्या चड्डीत, सज्जनपणे हसत उभा होता. "यू'व्ह गॉट समथिंग ऑन योर शोल्डर." असं म्हणून त्याने खिशातून टिश्यू काढला आणि हात पुढे केला.

दत्तप्रसादच्या काळजाने आनंदाने उडी मारली. सज्जन माणूस! खांदा! रुमाल! चारूने साथीदारसुद्धा आणला, आणि तोही गोरा! काय बारकाईने काम केलंय! त्याने झडप घालून त्या माणसाचं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हाताने शिट्टी तोंडात घालून अशी फुंकली, की झाडावरचे सगळे काकाकुवे एकदम उडाले.

"व्हॉट द हेल!" माणूस ओरडला.

"व्हेरी गुड!" दत्तप्रसाद कौतुकाने म्हणाला. "व्हेरी गुड ॲक्टिंग!" आणि त्याने पुन्हा शिट्टी फुंकली.

नेमका याच क्षणी चारुदत्त आला. काळा हुडी आणि काळा गॉगल घालून तो मघापासून कचऱ्याच्या डब्यामागे दबा धरून होता. सावज दुसऱ्याच कुणाशी झटापट करतंय, हे पाहून त्याला वाटलं, याहून चांगली संधी मिळणार नाही. तो मागून आला आणि त्याने दत्तप्रसादच्या पँटच्या मागच्या खिशात हात घातला. फूटी खेळणाऱ्या पोरांनी शिट्टी ऐकून इकडे पाहिलं, तर एका काकांच्या खिशात हुडीवाल्याचा हात. दोघे धावत आले. पुढच्याने झेप घेतली. चारुदत्त हिरवळीवर आडवा, गॉगल एकीकडे, आणि पाठीवर शंभरेक किलोचा सद्भावनेने भरलेला तरुण.

"दत्त्या!" गवतातून आवाज आला. "सांग यांना! सांग मी कोण आहे!"

"चारू, तुझा हा टिश्यूवाला माणूस फार पॉवरफुल आहे रे!" दत्तप्रसाद जॉगिंगवाल्याचं मनगट न सोडता म्हणाला.

"कुठला माणूस? मी कुणाला नाही आणलं!"

दत्तप्रसादने हातातल्या मनगटाकडे पाहिलं. मग मनगटाच्या मालकाकडे पाहिलं. मग आपल्या खांद्याकडे. तिथे जे होतं ते सॉस नव्हतं.

पार्कात सायकलवरून गस्त घालणारी एक पोलीसबाई तोवर येऊन पोचली होती. तिने सायकल लावली आणि कुणीतरी पहिल्यापासून सांगेल का, असं विचारलं.

"हा माणूस तुमचा खिसा कापत होता?" तिने चारुदत्तकडे बोट दाखवलं.

"येस. नो. म्हणजे, ही इज माय थीफ," दत्तप्रसाद म्हणाला. "आय अरेंज्ड हिम."

पोलीसबाईने टोपी जरा मागे सरकवली. "आणि शिट्टी?"

"व्हिएन्नासाठी."

तिने आयडी मागितलं. दत्तप्रसादने जाकिटाला हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. "इट इज इनसाइड," तो म्हणाला. "स्टिच्ड." बाई एक पाऊल मागे सरकली. तिची नजर त्या फुगलेल्या कप्प्यांवरून हळूहळू फिरली, आणि तिचा आवाज बदलला. "सर, हात बाहेर काढा आणि मला दिसतील असे ठेवा." भोवती जमलेले लोकही एकेक पाऊल मागे सरकले. प्रॅमवाली बाई प्रॅम वळवून लगबगीने निघून गेली. आयुष्यभर दत्तप्रसादने जगाकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, त्या नजरेने आज जग त्याच्याकडे बघत होतं. ती नजर बाहेरून कशी दिसते, याची त्याला आजवर कल्पना नव्हती.

मग गर्दीतून शुभदा आली. ती शांतपणे पोलीसबाईशी बोलली. पर्समधून नेलकटर काढून तिने विचारलं, मी शिवण उसवू का? बाईने मान डोलावली. सगळ्या पार्कासमोर शुभदा एकेक टाका उसवत बसली. दत्तप्रसादने शिवण पक्की घातली होती, दुहेरी. बराच वेळ लागला. एका लहान मुलीने आईला विचारलं, "इज ही अ मॅजिशियन?" अखेर लायसन्स निघालं. पोलीसबाईने ते पाहिलं आणि मग शुभदाकडे वळून विचारलं, "मॅम, तुम्ही यांना ओळखता?"

शुभदा थांबली. ते थांबणं दत्तप्रसादला फार मोठं वाटलं.

"घरी ओळखते," ती म्हणाली.

जॉगिंगवाल्याने तक्रार केली नाही. "नो वरीज," मनगट चोळत तो म्हणाला, "मला फक्त तुमचा खांदा दाखवायचा होता." आणि टिश्यू बेंचवर ठेवून तो निघून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर दत्तप्रसादला बरं वाटलं असतं. चारुदत्तचा पाय मुरगळला होता. त्याला त्याच दोन पोरांनी उचलून गाडीत बसवलं आणि दहा वेळा सॉरी म्हटलं.

घराच्या दारात गाडी थांबल्यावर शुभदा म्हणाली, "दत्ता, मी व्हिएन्नाला मेधाबरोबर जाते."

"माझ्याबरोबर जायचं ठरलं होतं."

"हो. पण आपण आजवर कुठे कुठे गेलो, आठव. तुझ्याबरोबर मी कधी कुठे गेलेच नाही रे. फक्त पोचले, आणि बॅगा मोजल्या." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला वाद घालता आला असता. "तू इतकी काळजी घेतोस की बघायचं राहूनच जातं. यावेळी मला बघायचंय."

दत्तप्रसादचा स्वाभिमान दुखावला, आणि दुखावलेल्या स्वाभिमानाने माणूस जे बोलतो तेच तो बोलला. "मलाही यायचं नव्हतंच. फुकटच्या बागा बघायला कोण जातं?"

"बरं," शुभदा म्हणाली.

ती "नाही, चल ना" म्हणेल असं त्याने धरलं होतं. ती दार उघडून आत गेली.

जूनमध्ये दोघी गेल्या. विमानतळावर दत्तप्रसादने जाकीट पुढे केलं, शुभदाने ते प्रेमाने परत केलं. मागे राहिले दोन नवरे. चारुदत्त अजून जरा लंगडत होता आणि रोज संध्याकाळी टूनगॅबीला येऊन खिचडी खात होता. खिचडी दत्तप्रसाद करायचा आणि चारुदत्त नावं ठेवायचा. दोन दिवस शुभदाचा मेसेज आला नाही. पहिल्या दिवशी दत्तप्रसादला वाटलं, फोन चोरीला गेला. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोन आहे, पण तिला आठवण येत नाही. ही दुसरी शंका कुठल्याही जाकिटात शिवून ठेवण्यासारखी नव्हती. ती घेऊन तो ऑफिसात बसला, ती घेऊनच ट्रेनने घरी आला.

"येतील ना रे परत?" त्याने चारुदत्तला विचारलं.

"मेधाने माझा हुडी नेलाय," चारुदत्त म्हणाला. "यायलाच लागेल." पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता.

इतक्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. इथे दिवेलागण होत होती, तिकडे सकाळ. पडद्यावर शुभदाचा चेहरा आला. उन्हाने लाल झालेला, केस विस्कटलेले.

"अरे, वायफायच लागत नव्हतं इतके दिवस! आत्ता मेधाने जमवलं. आम्ही फोल्क्सगार्टनमध्ये आहोत. दत्ता, इतके गुलाब! थांब, सगळं दाखवते." ती बाजूला वळून कुणाशी तरी इंग्रजीत काहीतरी बोलली. पडदा गरगरला. आभाळ दिसलं, बूट दिसले, आणि मग एका अनोळखी म्हाताऱ्याचा चेहरा अगदी जवळ आला. पांढऱ्या मिशा, जाड भिंगांचा चष्मा.

शुभदाने फोन त्याच्या हातात दिला होता.

दत्तप्रसाद खुर्चीवरून उठला. चारुदत्तने घास हातातच धरून ठेवला. म्हातारा फोन घेऊन मागे चालू लागला. एक पाऊल मागे. आणखी एक. वाळूवर त्याचे बूट करकर वाजत होते. दत्तप्रसादच्या ओठांवर शब्द आले होते. शिट्टी असती तर ती सोळा हजार किलोमीटरवरून वाजली असती.

मग म्हाताऱ्याने फोन फिरवला.

लाल, पिवळे, गुलाबी ताटवे आणि त्यांच्या मधे एक बाक. बाकावर शुभदा आणि मेधा. मेधा हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि शुभदा हसत होती, डोकं मागे टाकून, डोळे मिटून. तिच्या मांडीवर काही नव्हतं. हात मोकळे होते. असं हसताना दत्तप्रसादने तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, हे त्याला आठवेना. त्यांच्या सगळ्या प्रवासांच्या फोटोंत ती बॅगेकडे बघत असलेली होती.

"दत्त्या, पर्स कुठाय तिची?" चारुदत्त कुजबुजला. "विचार, पर्स कुठाय!"

दत्तप्रसाद पडद्याजवळ झुकला. पडद्यात शुभदा नीट बसली होती, पण बागेची उजवी बाजू कापली जात होती आणि मागच्या झाडांचे शेंडे येत नव्हते.

"गुड?" पलीकडून म्हाताऱ्याने विचारलं.

दत्तप्रसादने फोन तोंडाजवळ धरला.

"सर," तो म्हणाला, "अ लिटल मोअर बॅक, प्लीज. थोडं अजून. स्टिल मोअर. डोंट वरी, टेक योर टाइम."